लाल तिकोन

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाई.

आता हे वाचून माह्या गावचा मानूस पह्यले तं हासनच. मानिकनं कोनाले सांगतलं नाई असं दुनियेत काही आहे? मी तं सगळंच सांगतो. पाटलाच्या म्हशीले वाघ समजून पळालो अन् काट्यात पॅन्ट ठेवून घरी आलो — मीच सांगतलं. पोरगी पाह्याले गेलो तं पोरीच्या बापानं मलेच इचारलं, नवरदेव मागून येऊन राह्यला का — हे बी मीच सांगतलं, अन् त्याच्या नकलेसकट. चौथीतून शाळा सोडली तं मास्तरनं पेढे वाटले — हे खरं नाई, पन हे बी मीच सांगतो.

जो मानूस सगळे खिसे सोताच उलटे करून दाखवते, त्याची कोनी झडती घेत नाई. समजलं का भाऊ? बाई असान तं बाई. माही कोनी झडती घेतली नाई. एक खिसा राह्यला. त्याच्यात हात घालाचं म्हनलं तं — कसं सांगू — आतमधी काहीतरी जितं आहे असं वाटते.

पह्यले धंदा सांगतो. तेवढाच वेळ जाईन.

मोहर्लीले एका रिसॉर्टात मी खोल्या झाडतो. चादरी बदलवतो, अन् टावेलाचा हंस करून पलंगावर ठेवतो. माह्या हंसाले पाहुने बदक म्हनते. एकीनं तं उंदीर म्हनलं. तं तिथी एक पुन्याचा साहेब आला होता, चष्मेवाला, म्हातारा. वाघ पाह्याले आला, वाघ काही दिसला नाई, तं रुसून खोलीतच बसला लॅपटॉप घेऊन. मी झाडू माराले गेलो अन् झाडू हातातच राह्यला. पडद्यावर एक पान होतं. त्या पानाले लहान पानं, त्या लहान पानायले अजून लहान पानं, अन् सगळे एकासारखे एक — जसे एकाच घरातले नाकं. मी म्हनलं, साहेब, हे तुमी काढलं?

"काढत नाही रे मी," तो म्हने. "नुसता सरकवतो."

काय सरकवते? तिकोन. काळ्या पडद्यावर तीन-चार तिकोन राह्यते — लाल, निळा, पिवळा. एक-एक तिकोन म्हंजे एक-एक हुकूम. इतकं फिरव, इतकं लहान कर, इतकं बाजूले सरकव. अन् मधात एक ठिपका. त्याले लाल तिकोनाचा हुकूम लागला तं तो इकडं पडते, निळ्याचा लागला तं तिकडं. कवा कोनता हुकूम लागन याचा नेम नाई. असं लाखो वेळ. आपल्यासारख्याले या हापिसातून त्या हापिसात धाडते ना, तसंच. अन् तो बिचारा जिथी जिथी जाऊन पडला, तिथी तिथी उजेडाची धूळ. त्या धुळीचं चित्र होते. गनित आहे म्हने हे. मी म्हनलं, साहेब, गनितानं तं मले शाळेतून हाकललं होतं.

"मग आता तू त्याला हाकल," म्हने.

गेल्यावर त्यानं एक जुना लॅपटॉप गाडीवाल्याच्या हातून पाठवून देल्ला. कोपरा फुटलेला, पंखा असा घरघरे का बाजूच्या खोलीत पाहुना दचके. मले इंग्रजी येत नाई. मराठी येते, बोट ठेवून. बटनं मी जागेवरून वळखतो. एक बटन दाबलं का सगळं गरगर फिरते — तो भोवरा. एकानं डाव्या अंगाचं उजव्या अंगाले जसंच्या तसं येते — तो आरसा. एकानं सगळं आतल्या आत मुरडते — तिले मी पोटदुखी म्हनतो. अन् मजा अशी, का तिकोनाचा कोना मुंगीच्या पायाइतका सरकला तरी पानाचा खेकडा होते, खेकड्याची ज्वाळ होते. मंग तेच पान परत पाह्यजे म्हनलं तं नाई भेटत. हात परत त्याच जागी जात नाई. जातो असं वाटते. जात नाई.

मंगळवारी वाघाचं पार्क बंद राह्यते. पाहुने नाई, जिप्स्या उभ्या. मी मागच्या चादरीच्या खोलीत गठ्ठ्यावर बसून तिकोन सरकवत राहो. मले वाटलं, बरं आहे. कोनी पाहून नाई राह्यलं, कोनाले हासवाचं नाई. आपलाच ठिपका, आपलाच हुकूम.

इथपर्यंत मी चांगलाच मानूस होतो, भाऊ. इथीच थांबलो असतो तं?

आता सुधाकरचं सांगा लागन.

सुधाकर माहा दोस्त. आमी दोघं तलावात जाळं टाकाचो. माही गोष्ट अर्धी झाली नाई का तो हासाले लागे — म्हंजे हासाची जागा येन्याच्या आधीच — अन् मंग मलेच इचारे, पुढं काय झालं बे? चैतात मोहफुलं वेचाले गेला. वाकून वेचनारा मानूस मानसासारखा दिसत नाई. वाघाले बी नाई दिसत. तिथूनच त्याले नेला.

आमी दहा-बारा जनं गेलो आनाले. कसा होता ते सांगत नाई. सगळं सांगनारा मानूस मी, पन ते नाई सांगत. वरून टाकली ते चादर रिसॉर्टची होती, मीच नेली होती. गावात आनला तं त्याची बायको मंदाबाई पुढं आली. रडली नाई, वरडली नाई. एकच म्हने, "तोंड पाहू द्या." वनरक्षकानं मान हालवली — नोको. चादरीचं टोक माह्या हातात होतं. तिनं वढलं, मी धरून ठेवलं. ती वढे, मी धरो. मंग तिनंच सोडलं.

आमच्याकडं जिथी वाघानं मानूस नेला तिथी दगड ठेवून त्याले शेंदूर लावते. वाघोबा बसवते. सुधाकरच्या जागेवर बी बसवला. वाघाचा देव बसला, नारळ फुटला. मानसाचं तोंड मात्र कुठीच नाई. त्याचा फोन त्याच्या खिशात होता, त्याचा पार भुगा. फोटो सगळे त्याच्यातच. राह्यला तो आधार कार्डावरचा. आधारच्या फोटोत सगळेच चोर दिसते, सुधाकर तं पकडलेला चोर दिसे. ती म्हने, "हे हे नाई."

मंग मीच मॅनेजरले सांगून तिले रिसॉर्टात लावलं. चादरी धुवाच्या, वाळवाच्या, घड्या घालाच्या. दिवसभर चादरी. तवा माह्या डोक्यात नाई आलं. आता येते.

तं एका मंगळवारी मी आरशाचं बटन दाबलेलं होतं, अन् लाल तिकोन उगाच खाली-वर करत होतो. हे चित्र एकदम येत नाई. आधी चार दाने, जसं कोनी पिठी भुरभुरवली. मंग दाट होत जाते. त्या दिवशी दाट झालं तं दोन खड्डे झाले डोळ्यासारखे. खाली एक वळन, मिशीसारखं. मले काही वाटलं नाई. एखांद्या दिवशी घुबड येते, एखांद्या दिवशी बेंडूक. तेवढ्यात मंदाबाई घड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली. अन् उभीच राह्यली. गठ्ठा खाली ठेवला नाई. डोक्शावरचा पदर मात्र सारखा केला — नवऱ्यापुढं करते तसा.

"हे तं हे होय," म्हने.

आता पाहा. इथी सरळ मानूस काय म्हनला असता? नाई बाई, हे गनित आहे, ठिपके आहे. मी काय म्हनलं? माह्या तोंडाले सवय — समोर मानूस दिसला का गंमत. मी म्हनलं, "हाव, आला भेटाले. वाट इचारत इचारत आला."

मले वाटलं हासन. ती खाली बसली. गठ्ठा मांडीवर. पाहत राह्यली, पाहत राह्यली. मंग म्हने, "मानिकभाऊ, त्या दिवशी तुमी चादर धरली. आज तुमीच दाखवलं."

सांगा बरं — याच्यानंतर कोनत्या तोंडानं म्हनू का मी मजाक केला?

दुसऱ्या मंगळवारी ती येन म्हनून मी आधीच खोलून बसलो. मांगच्या बारीले बंद करतानी एक चौकोन आला होता, तीन बटनाचा. काहीतरी इचारत होता इंग्रजीत. मी नेहमी मधलं दाबतो. कडेच्या बटनायचं मले भेव वाटते, जसं चुलीच्या कडेले हात ठेवाचं वाटते. तं ते मधलं म्हंजे "ठेवू नोको" असं होतं, हे मले तवा समजलं. सुधाकर गेला. दुसऱ्या बारी गेला, अन् या बारी माह्या हातानं.

मी तिकोन सरकवले. घुबड आलं. कोबी आली. एक आला तो आमच्या मॅनेजरसारखा दिसे, तो लगेच पुसला. पंखा घरघरून राह्यला, अन् बाहेर तिच्या चपलांचा आवाज. शेवटी एक तोंड जमवलं. जमवलं — हा शब्द पाहा तुमी. पह्यलं आलं होतं. हे मी बनवलं. पिवळ्या तिकोनानं कपाळ, निळ्यानं डोळे, लालानं मिशी अन् तोंड.

तिनं पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मले वाटलं, सापडलो. बरं झालं, सापडलो.

"आज बारीक दिसून राह्यले," म्हने.

"तिकडची मेस खराब असन," मी म्हनलं.

अन् ती हासली. सुधाकर गेल्यापासून पह्यल्यानं. थोडीशीच, पन हासली. त्या हासन्यानं मी बांधलो गेलो. बकऱ्याले पाला दाखवून नेते ना, तसा मी माह्याच पाल्यामांग गेलो.

मंग दर मंगळवारी. ती येये, चादरीच्या गठ्ठ्यावर बसे, डब्ब्यात काहीतरी आने — तलावातली मासोळी, कवा भाकर अन् ठेचा — अर्धं मले, अर्धं तिले. पडद्याकडं पाहून बोले. छप्पर गळते. बकरी व्याली. सरपंचाच्या घरी भांडन झालं. मी बाजूले बसून उंदरावर बोट — म्हंजे त्या माऊसवर — अन् तोंड जरा इकडं, जरा तिकडं. ती कौतुकाचं बोलली का मी मिशी थोडी वर नेवो. दुखाचं बोलली का डोळे थोडे खाली. तिले वाटे तो आयकून राह्यला. आयकत मी होतो, भाऊ. कोनी इतकं मनापासून माह्यासमोर कवाच बोललं नव्हतं. माह्यासमोर लोकं फक्त हासते.

हे समजून घ्या म्हनून नाई सांगत. फक्त कोनती गोष्ट कुठून निंगाली ते सांगून राह्यलो.

प्रेम? काही लोकं म्हनतीन, प्रेम असन. नाई. असतं तं निदान कारन तरी चांगलं असतं. ती मले भाऊ म्हने अन् मले तेच बरं वाटे. मले ती नव्हती पाह्यजे. मले मंगळवार पाह्यजे होता.

आता आलो त्या जागेवर. अजून एकदा बिडी पेटवून येतो असं वाटून राह्यलं. पन नाई, सांगतो.

तिचा भाऊ सिंदेवाहीले राह्यते. त्यानं तिच्यासाठी मानूस पाह्यला. बायको वारलेली, पोरंबाळं नाई, तिकडं धानाच्या फार्मावर रोवन्या-कापन्याच्या कामाले. पाट लावून देतो म्हने भाऊ, किती दिवस एकटी राह्यशीन. तो मानूस तिले पाह्याले आला. मी बी पाह्यला त्याले. काळा, उंच, बोलला काहीच नाई. चहा पेला, वर पाह्यलं, छपराचे कवेलू सरकलेले दिसले, तं शर्ट काढून वर चढला अन् सगळे कवेलू सारखे करून खाली उतरला. मंग हात धुतले अन् भावाच्या मांगं गाडीवर बसून गेला. बस. तिच्या छपराचं मी वर्षभर आयकून राह्यलो होतो. मिशी खाली-वर करत होतो. त्यानं कवेलू चढवले.

त्या मंगळवारी ती आली तं म्हने, "मानूस बरा वाटला. उगाच हासत नाई."

लागलं मले. तिले माहीत नाई कुठी लागलं.

"पन यायले इचारल्याशिवाय मी काही करनार नाई," म्हने, पडद्याकडं बोट करून. "हासले तं जाईन. नाराज दिसले तं नाई जानार. आज तुमी हात नोका लावू मानिकभाऊ, त्यायचं त्यायले येऊ द्या."

अन् मी — हे मी आईची आन घेऊन सांगतो, पन माही आन बी लोकं हासून घेते — मी हासरं तोंड बनवून ठेवलं होतं. सकाळीच. तिच्या भावानं मले आधीच सांगतलं होतं, ती तुह्या त्या लॅपटॉपाले इचारते म्हने, तं जरा पाह्य बाबा. म्या पाह्यलं. लाल तिकोन वर फिरवला, तोंडाची दोन्ही टोकं वर गेली, सुधाकर असा हासला का जाळ्यात मोठी मरळ आली. ते ठेवलं बी, या बारी मधलं बटन न दाबता. फक्त चालू कराचं होतं. ते भुरभुर सुरू होनार, दाट होनार, अन् ती पाहनार, अन् जानार. सिंदेवाहीले. सगळं तयार होतं. माह्या हातून आयुष्यात एक गोष्ट तयार झाली होती.

चालू केलं. दाने पडाले लागले.

ती गठ्ठ्यावर बसली होती, हात जोडून नाई, मांडीवर ठेवून. म्हने, "गेली तं तुमचा डब्बा बंद होईन, मानिकभाऊ." गंमतीनं म्हने. मंग म्हने, "जरा पानी आनता का? गळा सुकला." मंग सोताच उठली — "राहू द्या, तुमी हालू नोका, मीच आनते." अन् बाहेर माठाकडं गेली.

तेवढाच वेळ. एक गिलास भरे इतका.

कपाळ आलं होतं. डोळे येऊन राह्यले होते. तोंड अजून धूळ होतं. अन् मले पुढचा मंगळवार दिसला. चादरीची खोली, पंख्याची घरघर, अन् मी. अन् कोनीच नाई. मी लाल तिकोनाच्या कोन्यावर बोट ठेवलं अन् जरासा फिरवला. खाली. मुंगीच्या पायाइतका.

बस. इतकंच केलं मी. सुरी नाई, कुऱ्हाड नाई, हात वर नाई केला कोनावर. एक कोना खाली फिरवला.

पुन्हा भुरभुर सुरू झाली. ती आली, गिलास हातात. पेली नाई. तोंड दाट होत होतं तसं ती पाहत होती. दोन्ही टोकं खाली गेली. जसं एखांद्या मानसाले भूक लागली अन् घरी कोनी नाई.

"नाई म्हनते," ती म्हने.

अन् मी? मी! पह्यल्यानं मले गंमत सुचली नाई, जवा पाह्यजे होती.

तिनं गिलास ठेवला, गठ्ठा उचलला. "बरं," म्हने. "मले वाटलंच होतं."

त्या मानसाचं मंग पुढं दुसरीकडं जमलं. सावली गावाकडची बाई आहे म्हनते. तिच्या छपराचे कवेलू बी सारखे असन. मंदाबाईचा भाऊ तं रागानंच गेला. येत नाई, दिवाळीले बी येत नाई. तं पह्यल्याच भाऊबीजेले तिनं पाट मांडला, अन् त्याच्यावर कोन बसलं? मी बसलो. तिनं मले ओवाळलं. ज्याच्यामुळं तिचा भाऊ येत नाई, त्याच्याच कपाळाले तिनं कुंकू लावलं, अन् म्हने, तुमी नसते तं माह्यं कोन होतं?

मी तिथंच फुटलो. पाटावरच. सगळं सांगतलं — तिकोन, हुकूम, ठिपका, पह्यलं तोंड हारवलं, बाकीचे सगळे मी बनवले, त्या दिवशी बी मीच फिरवलं, लाल तिकोन, मी, मीच. हात जोडले. डोळ्यातून पानी. ताट तिच्या हातात तसंच.

अन् ती हासली.

असं हासली का ताटातला दिवा इझला. पोट धरून हासली. "तुमाले सरळ टावेलाचा हंस बनवता येत नाई," म्हने, "अन् तुमी यायचं तोंड बनवान? वरून रडून दाखवून राह्यले! काय मानूस आहे हा!" मंग बाजूच्या बायायले हाका मारल्या. "या ना व, मानिकभाऊ काय म्हनते आयका." त्यायनं मले पुन्हा सांगाले लावलं.

अन् मी सांगतलं.

हे नीट आयका. मी सांगतलं — नकलेसकट. उंदरावरचं बोट, पंख्याची घरघर, मॅनेजरसारखं आलेलं तोंड. बाया लोळल्या. आता ते माही सगळ्यात चाललेली गोष्ट आहे. लग्नात बोलावते, पारावर बसवते. "मानिक, ते तिकोनाची सांग ना बे." मी सांगतो. दर वेळी थोडी वाढवून. रडाची नक्कल तं आता इतकी जमली का खरं रडू आलं तं कोनाले फरक समजनार नाई. मले बी नाई.

तुमी म्हनान, मंग सांगतलं नाई सांगतलं नाई काय लावलं? सगळ्या गावाले तं माहीत आहे.

नाई. त्या गोष्टीत दोन गोष्टी मी कवाच घालत नाई. एक — हासरं तोंड तयार होतं. दुसरी — मी काऊन फिरवलं. तेवढ्या दोन जागा मी बाजूनं चालून जातो, जशी सुधाकरच्या दगडाच्या बाजूनं जातो. त्या दोन जागा तुमाले सांगतल्या. कोनाले नाई सांगतल्या.

अन् अजून एक राह्यली. ते हासरं तोंड लॅपटॉपात अजून आहे. हारवलं नाई. कुठी आहे मले माहीत आहे — वरून खाली, उजव्या बाजूले, पिवळ्या डब्बीत. खोलाले वेळ लागत नाई. तिनं एक बार जरी ते पाह्यलं तं काय करन, मले काय माहीत? भावाकडं जाईन. दुसरा कोनी पाहीन. का नुसती दार लावून घरात शांत झोपन. तिचं ती पाहीन. पन मी खोलत नाई. मंगळवार येते, माह्यं बोट त्या डब्बीवर जाते, अन् बाजूच्या डब्बीवर पडते.

तिच्या घरी भिंतीवर नाराज तोंडाचा फोटो आहे. चंद्रपूरले जाऊन मीच छापून आनून देल्ला, काच लावून. तिनंच मांगतला होता. रोज सकाळी कामाले निंगतानी ती त्याच्यापुढं उभी राह्यते अन् पदर सारखा करते. तिचं दार उघडं राह्यते, मले माह्या अंगनातून दिसते. सुधाकर खाली तोंड करून पाह्यते. तो सुधाकर नाई, मी आहे. तिथी भिंतीवर मीच बसलो आहे, अन् इथी अंगनात बी मीच.

परवाच्या मंगळवारी ती आली. मासोळी आनली होती. गठ्ठ्यावर बसली, पडद्यावर दाने पडत होते. तोंड आलं नव्हतं अजून.

"मानिकभाऊ," म्हने, "अजून रागातच असन का हो हे?"

बोट लाल तिकोनावरच होतं.

"हाव," मी म्हनलं.